यंत्राच्या साक्षीची उलटतपासणी

वकिलाने कोर्टापुढे ४५ न्यायनिवाड्यांचे दाखले ठेवले. त्यातले १८ निवाडे कोणत्याही कोर्टाने कधी दिलेलेच नव्हते. जे खरे होते, त्यातल्या अनेकांत वकिलाने उद्धृत केलेली वाक्यं नव्हती. प्रकार लंडनच्या हायकोर्टातला, दावा कतार नॅशनल बँकेविरुद्धचा आणि रक्कम ८ कोटी ९४ लाख पौंडांची. दाखले शोधले होते खुद्द अशिलाने, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आणि इंटरनेट चाळून. सॉलिसिटरने ते तपासले नाहीत. अशिलाने कायदा शोधायचा आणि वकिलाने फक्त सही करायची, तर फी कशाची घेतली?

त्याच्याच जोडीला आलेलं दुसरं प्रकरण पैशाने लहान होतं, पण मला त्याची जास्त चीड आहे. उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे कौन्सिलविरुद्ध एका बेघर माणसाचा अर्ज होता. डोक्यावर छप्पर द्या, एवढीच मागणी. त्याच्या वतीने लिहिलेल्या कागदात ५ बनावट निवाडे निघाले. शिवाय १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याचं कलमही चुकीचं मांडलेलं. फेरविचार चालू असताना कौन्सिल निवारा 'देऊ शकते', असं कायदा म्हणतो; कागदात 'दिलाच पाहिजे' असं ठोकून दिलं होतं. समोरच्या वकिलांनी निवाड्यांच्या प्रती मागितल्या, तेव्हा या वरवरच्या चुका आहेत असं उत्तर गेलं. ज्याच्याकडे रात्र काढायला जागा नाही, त्याच्या अर्जात पाच खोटे निवाडे, आणि म्हणे वरवरच्या चुका! न्यायमूर्ती रिची यांनी त्याची बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरवर आणि लॉ सेंटरवर प्रत्येकी २,००० पौंडांचा भुर्दंड बसवला, ते योग्यच केलं.

६ जून २०२५ ला या दोन्ही प्रकरणांवर एकत्र निकाल आला. किंग्ज बेंच विभागाच्या अध्यक्ष डेम व्हिक्टोरिया शार्प आणि न्यायमूर्ती जॉन्सन यांनी बजावलं की नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरे पडत नाहीत. जाहीर ताशेऱ्यापासून कोर्टाच्या अवमानापर्यंत आणि गंभीर प्रकरणात पोलिसांकडे सोपवण्यापर्यंत सगळी हत्यारं कोर्टाच्या हाती आहेत. न्यायात ढवळाढवळ करण्याच्या हेतूने खोटं साहित्य कोर्टापुढे ठेवलं, तर इंग्लंडच्या कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, हेही निकालात स्पष्ट लिहिलं. आपण कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन वापरलंच नाही, असं हॅरिंगे प्रकरणातल्या बॅरिस्टरचं म्हणणं होतं; तिचं स्पष्टीकरण कोर्टाने स्वीकारलं नाही. अवमानाची कारवाई मात्र सुरू केली नाही. प्रकरणं वकिलांच्या नियामकांकडे पाठवली. चेंबर आणि फर्म चालवणाऱ्या वरिष्ठांनाही कोर्टाने जबाबदार धरलं, आणि निकालाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाताखालच्या पोरांनी केलं म्हणून आता हात झटकता येणार नाहीत.

निकाल उत्तम आहे, यात शंका नाही. पण न तपासता यंत्रावर विसंबणं हा जर एवढा मोठा गुन्हा असेल, तर इंग्लंडच्या कोर्टांनी आधी स्वतःच्या दप्तरात डोकवावं. तिथे पोस्टाचे खटले आहेत.

इंग्लंडमधल्या गावचं पोस्ट म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या दुकानाचा कोपरा. दुकानदार आपली पुंजी घालून ते चालवतो. तो पोस्टाचा पगारी नोकर नसतो, कंत्राटावर असतो. १९९९ पासून या सगळ्या ठिकाणी होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवायला सुरुवात झाली. ती केली आयसीएल कंपनीने, जी पुढे फुजित्सूच्या नावाने चालू लागली. प्रणाली आली आणि रोकड जुळेनाशी झाली. पडद्यावरचा आकडा आणि गल्ल्यातले पैसे यांत तफावत पडली की पोस्ट ऑफिस म्हणायचं, फरक भरा. नाही भरला की चोरीचा किंवा खोट्या हिशेबाचा खटला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले, आणि त्यातले सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले. तपास त्यांचा, फिर्याद त्यांची, पुरावा त्यांच्या संगणकाचा आणि पैसे वसूल करायचे तेही त्यांनीच. सावकाराने वही स्वतः लिहावी, बेरीज स्वतः करावी, वही कुळाला दाखवू नये आणि वर त्यालाच तुरुंगात धाडावं, असा हा कारभार होता.

हे कायद्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. कायद्यानेच त्याला वाट करून दिली होती. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुराव्याच्या कायद्यात ६९ वं कलम होतं. संगणकातला पुरावा आणायचा असेल तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, असं ते सांगायचं. वकिलांना ते जाच वाटू लागलं. विधी आयोगाने १९९७ मध्ये ते काढून टाकण्याची शिफारस केली आणि संसदेने १९९९ मध्ये एक कायदा करून ते उडवलं. त्यानंतर जुनंच गृहीतक लागू झालं: यंत्र बरोबर चाललं असं धरून चला, तसं नसेल तर आरोपीने आधी काही पुरावा पुढे करावा. एकीकडे होरायझन देशभर बसत होतं आणि दुसरीकडे त्याच्यावर शंका घेण्याचा मार्ग कायदा बंद करत होता.

आता हे गृहीतक एका काउंटरवर कसं उतरलं ते पाहा. हॅम्पशायरमधलं साउथ वॉर्नबरो हे छोटंसं गाव, तिथे जो हॅमिल्टन दुकान आणि पोस्ट चालवायच्या. एकदा हिशेबात २,००० पौंड कमी दाखवत होते. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून सांगितलेलं बटण त्या एकेक करून दाबत गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट, म्हणजे ४,००० झाली. हेल्पलाइनचं म्हणणं, कंत्राटाप्रमाणे भरावेच लागतील. मुदतीचा हिशेब बंद केल्याशिवाय पोस्टाचा पुढचा व्यवहार सुरू होत नसे, आणि ही तूट मला मान्य नाही असं नोंदवायला त्या पडद्यावर सोयच नव्हती. मान्य करा, नाहीतर शटर पाडा. तूट ३६,००० पौंडांवर गेल्यावर तुरुंग टळावा म्हणून त्यांनी खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. गावकऱ्यांनी मात्र त्यांना चोर मानलं नाही. वर्गणी काढली आणि शिक्षेच्या दिवशी कोर्टात येऊन बसले. गावाला जे कळलं, ते पोस्टाच्या अख्ख्या कायदा विभागाला कळू नये?

ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांची तूट सुमारे २५,००० पौंडांची. त्यांनी हेल्पलाइनला ९१ वेळा फोन केला होता. पैसे भरायला नकार दिला म्हणून पोस्टाने त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. वकील परवडत नव्हता, म्हणून हायकोर्टात ते एकटे उभे राहिले. २००७ मध्ये हरले आणि खर्चापोटी ३,२१,००० पौंडांचा हुकूम झाला. माणूस दिवाळखोर झाला. यंत्र चुकतंय हे त्यांनी सिद्ध करायचं, आणि यंत्राच्या आतली नोंद मात्र समोरच्याच्या कपाटात. कोणत्याही देशात अशी लढत बरोबरीची म्हणता येणार नाही.

सीमा मिश्रा यांचं नाव आपल्याकडच्या वाचकांना जवळचं वाटेल. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटमध्ये त्यांचं पोस्ट होतं. ७४,००० पौंडांच्या चोरीचा आळ आला. त्यांच्या वकिलांनी खटल्यात होरायझनवरच बोट ठेवलं, आतल्या नोंदी पुन्हा पुन्हा मागितल्या. ज्यूरीसमोर प्रणाली भक्कम असल्याचं मांडलं गेलं. नोव्हेंबर २०१० मध्ये, थोरल्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी, त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या. बाळंतपणाच्या वेळी पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा होता. त्या निर्दोष आहेत हे कोर्टाने २०२१ मध्ये मान्य केलं आणि त्यानंतर राजदरबाराने ओबीई हा किताबही दिला. ११ वर्षं लोकांनी चोर म्हटलं, त्याची भरपाई कोणत्याही किताबाने होत नाही.

दक्षिण आशियातून किंवा पूर्व आफ्रिकेतून गेलेली कितीतरी कुटुंबं या पोस्टांच्या काउंटरमागे होती. पोस्टाच्या तपासनीसांसाठीचा एक जुना दस्तऐवज २०२३ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आला. संशयिताची नोंद करताना वंशाप्रमाणे वर्ग पाडलेले, आणि त्यात 'भारतीय/पाकिस्तानी प्रकार' असा एक वर्ग. पोस्टाने माफी मागितली. माणसाकडे कोणत्या नजरेने बघून तपास सुरू होत होता, ते त्या एका कागदावरून कळतं.

यंत्राबाहेरून कोणालाही शाखेच्या हिशेबात शिरता येत नाही, हे पोस्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं. शिरता येत होतं. फुजित्सूचे लोक दूर बसून हिशेबाला हात लावू शकत होते. कंपनीकडे माहीत असलेल्या दोषांची नोंदही होती. पोस्ट चालवणाऱ्या ५५५ जणांनी त्यांच्यातल्याच ॲलन बेट्स यांच्या नावाने एकत्र दावा लावला, तेव्हा कुठे ही नोंद उजेडात आली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझन भरवशाचं नव्हतं असा निकाल दिला, आणि पोस्टाचा हटवाद म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखं आहे, असं सुनावलं. तडजोड ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची झाली, पण त्यातला बहुतांश पैसा खटल्याच्या खर्चात आणि खटल्याला पैसा पुरवणाऱ्यांकडे गेला. लढले गावचे दुकानदार, आणि त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

२३ एप्रिल २०२१ ला अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा एका झटक्यात रद्द केली. हे खटले चालवणं हाच कोर्टाच्या सदसद्विवेकाला धक्का होता, असं न्यायाधीशांनी म्हटलं. शब्द वजनदार होते. पण बाकीच्या शेकडो जणांना एकेक करून यावं लागणार होतं, आणि अनेकांना पुन्हा त्या पायऱ्या चढायची ताकद उरली नव्हती. मग जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीवर या प्रकरणावरची मालिका लागली, देश खवळला, आणि मे महिन्यात संसदेने कायदा करून उरलेल्यांतल्या बहुतेक शिक्षा एकदम पुसल्या. कोर्टाने दिलेल्या शिक्षा संसदेने पुसाव्यात का, यावर तिथल्या कायदेपंडितांत चर्चा झाली. माझं मत साफ आहे. पुसायलाच हव्या होत्या. कोर्टाने पंधरा वर्षं जे पाहिलं नाही, ते दूरदर्शनच्या पडद्याने चार रात्रींत दाखवलं, याची खंत कोर्टांनी बाळगावी.

सर विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ ला आला. किमान १३ जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असं त्यात म्हटलं आहे. भरपाईला पात्र असलेल्यांचा आकडा १०,००० च्या आसपास. पोस्टाच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकारी पॉला व्हेनेल्स यांचा सीबीई किताब काढून घेतला गेला. पोलीस तपास चालू आहे, पण २०२५ सरेपर्यंत या प्रकरणी एकाही अधिकाऱ्यावर आरोप ठेवला गेला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच.  चोराला शोधताना मात्र वर्षांमागून वर्षं लागतात.

आणि यंत्र बरोबर चाललं असं धरून चालण्याचं ते गृहीतक? सरकारने जानेवारी २०२५ मध्ये त्यावर मतं मागवली. काढून टाकायला विरोध करणाऱ्यांची भीती अशी की उद्या दारू पिऊन गाडी चालवणारा प्रत्येक जण श्वास तपासणाऱ्या यंत्रावर शंका घेईल, वेगमर्यादा मोडणारा कॅमेऱ्यावर घेईल, आणि कोर्टं तुंबतील. भीती अगदीच खोटी नाही. पण श्वास मोजणारं यंत्र एकच गोष्ट मोजतं, त्याची ठरावीक चाचणी होते. हजारो काउंटर, लाखो व्यवहार आणि मधून मधून बदलणारी प्रणाली यांचा त्याच्याशी काय संबंध? ज्याचं सॉफ्टवेअर, ज्याच्याकडे दोषांची यादी, त्यानेच ते नीट चाललं हे दाखवावं. ज्याच्या हाती फक्त पडदा आहे, त्याच्यावर हे ओझं टाकणारा कायदा एक दिवसही टिकता कामा नये. बनावट निवाड्यांच्या प्रकरणात कोर्टाने हेच केलं: वापरलंत तर तपासण्याची जबाबदारी तुमची. वकिलाला जो न्याय, तो फिर्यादीच्या संगणकालाही हवा.

यंत्राच्या पुराव्याच्या या प्रश्नाचा एक धागा आपल्याकडे थेट जालन्यात येतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवार अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची मुदत टळल्यावर घेतले गेले, असा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १४ जुलै २०२० ला उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला, पण पुढच्यासाठी दंडक घालून दिला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर आपल्या जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच, पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तरच सूट. हे ६५-ब कलम घेतलं होतं इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यावरून, जे खुद्द इंग्लंडने १९९५ मध्येच मोडीत काढलं होतं. त्यांनी टाकलेलं आपण उचललं, असं म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. होरायझनचं सगळं वाचल्यावर मला वाटतं, आपण उचललं ते बरं झालं.

१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. पहिला नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश मूल्य लिहायचं. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण हॅश मूल्यावरून एवढंच कळतं की फाइल नंतर बदललेली नाही. मुळात ती चूक लिहिली गेली होती का, हे त्यातून कळत नाही. होरायझनच्या चुकीच्या हिशेबालाही अगदी पक्कं हॅश मूल्य मिळालं असतं. छापील नमुन्यावर सही करून देणारा तज्ज्ञ उभा करायचा आणि कोर्टाने मान डोलवायची, असं आपल्याकडे रूढ झालं, तर बँका, पतसंस्था, रेशन दुकानं, वीजबिलं या सगळ्यांच्या आकड्यांखाली आपली माणसं अशीच चिरडली जातील. 'सिस्टीममध्ये असंच दिसतंय' हे उत्तर प्रत्येक खिडकीवर मिळतंच आहे.

म्हणून तालुका आणि जिल्हा कोर्टांत उभ्या राहणाऱ्या वकील वाचकांना विनंती आहे. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग समोर आला की त्यावर सही करणाऱ्याला साक्षीला बोलवा. या प्रणालीतले माहीत असलेले दोष तुम्ही मागितले का, बाहेर बसून कोणाला या हिशेबाला हात लावता येतो का, आणि तुम्ही ते स्वतः पाहिलंत की मालकाने सांगितलेलं लिहिलंत, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर 'पाहिलं नाही' असं आलं, तर न्यायाधीशांना ते शब्दशः नोंदवून घ्यायला सांगा.